‘माझ्याशी कुणीच बोलत नाही’ : शाळकरी वयातली मैत्री आणि मोठ्यांचं काम

आठवीची नववी होताना अनेक शाळांत तुकड्या बदलतात. पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या दोघी वेगवेगळ्या वर्गांत जातात. जूनमध्ये मधल्या सुट्टीत त्या एकमेकींना शोधत येतात. ऑगस्टपर्यंत एकीचा नवा ग्रुप झालेला असतो आणि दुसरी हातात डबा घेऊन, कुठे बसावं ते न कळून व्हरांड्यात उभी असते. घरी तिचं जेवण कमी होतं, शाळेच्या वेळेला पोट दुखू लागतं, चाचणीत गुण घसरतात. आईने खोदून खोदून विचारलं की एवढंच बाहेर पडतं, ‘माझ्याशी कुणीच बोलत नाही.’

या वाक्याला घरात सहसा दोनांपैकी एक उत्तर मिळतं. पहिलं, ‘एवढंच ना? दहावीनंतर कोण कुठे जाईल काय माहीत, तू अभ्यासाकडे लक्ष दे.’ दुसरं, ‘थांब, मी तिच्या आईलाच फोन करते.’ दोन्ही उत्तरांमागे मायाच असते. पण पहिल्याने मुलीचं दुःख खोटं ठरतं आणि दुसऱ्याने तिचा प्रश्न तिच्या हातातून जातो. या दोन्हींच्या मधली वाट अशी की दुःख पूर्णपणे खरं मानायचं, प्रश्न मात्र मुलाच्याच हातात राहू द्यायचा आणि तो सोडवायला त्याच्यासोबत बसायचं. ही वाट कशी चालायची यावर बरंच संशोधन झालेलं आहे, आणि त्यातलं फार मोलाचं काम गोव्यातल्या एका संस्थेने आपल्याच देशातल्या सरकारी शाळांमध्ये केलं आहे.

दुखतं ते खरोखर दुखतं

हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात त्याने जिवलग मित्राला मुलाच्या वाढीत फार मोठं स्थान दिलं. लहान मुलाला खेळायला कुणीही सवंगडी चालतो. किशोरवयाच्या उंबरठ्यावर मात्र त्याला ‘आपलं’ असं एक माणूस लागतं. त्या माणसाचं सुख आपल्या सुखाइतकंच महत्त्वाचं वाटण्याचा अनुभव मूल पहिल्यांदा इथे घेतं. आईबाप निवडता येत नाहीत, भावंडं निवडता येत नाहीत. मित्र निवडलेला असतो, आणि त्यानेही आपल्याला निवडलेलं असतं. म्हणून तो सोडून गेला की ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असा अर्थ मूल चटकन काढतं.

मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी वगळलं जाण्याचा परिणाम तपासण्यासाठी एक साधा संगणकीय खेळ तयार केला. पडद्यावर तिघे एकमेकांकडे चेंडू फेकतात. तिघांपैकी एक म्हणजे प्रयोगात भाग घेणारी व्यक्ती. थोड्या वेळाने उरलेले दोघे तिच्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. इतक्याशा गोष्टीनेही माणसाचा मूड आणि स्वतःबद्दलचं मत खाली येतं. पुढच्या प्रयोगांत तर समोर माणसं नसून संगणक आहे हे आधी सांगूनही लोकांना वाईट वाटलंच. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि मॅथ्यू लीबरमन यांनी विल्यम्स यांच्यासोबत हाच खेळ मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना खेळवला. वगळलं जात असताना मेंदूतला जो भाग अधिक सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेच्या जाचाशीही जोडलेला आहे. २०१० मध्ये लंडनच्या संशोधकांनी किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रियांना हा खेळ दिला, तेव्हा मुलींचा मूड अधिक खालावला.

एका अनोळखी चेंडूची ही गोष्ट असेल, तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं जाणं, सगळ्यांना बोलावलेल्या वाढदिवसाचे फोटो रात्री इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर दिसणं, किंवा आपण जवळ येताच चाललेलं बोलणं थांबणं काय करत असेल याचा अंदाज यावा. त्यातून या वयात भावना उसळवणारी मेंदूतली यंत्रणा जोरात असते, तर आवर घालणारा, परिणाम तोलणारा कपाळामागचा भाग वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ हे वाक्य प्रौढ मेंदूच्या मापाने बोललेलं असतं.

भांडण कुठलं आणि छळ कुठला

मदतीला बसण्यापूर्वी एक फरक नीट करावा लागतो. दोघांत बिनसणं, अबोला धरणं, दोन मैत्रिणींत तिसरी आल्याने एकीला असुरक्षित वाटणं, सांगितलेलं गुपित फुटणं, ही मैत्रीतली नेहमीची दुखणी आहेत. ती मुलांनीच हाताळायची असतात, आपण बाजूला उभं राहायचं. पण कुणाला ठरवून, पुन्हा पुन्हा आणि त्याला प्रतिकार करता येणार नाही अशा परिस्थितीत त्रास दिला जात असेल, तर तो छळ असतो. हेतू, पुनरावृत्ती आणि ताकदीतली तफावत हे तीन निकष नॉर्वेमध्ये काम केलेले डॅन ओल्व्हेउस यांनी मांडले आणि आजही जगभर तेच वापरले जातात.

ताकद म्हणजे अंगबळच असं नाही. पंधरा जणांच्या ग्रुपसमोर एकटं मूल दुबळंच असतं. आपल्याकडे तर या तफावतीला जात, घरची परिस्थिती, रंग, बोलण्यातला गावाकडचा हेल, सेमी-इंग्रजी आणि मराठी तुकडी अशा किती तरी गोष्टी बळ देतात. आडनावावरून चिडवणं किंवा डब्यावरून नाक मुरडणं याला ‘मुलांची मस्करी’ म्हणून सोडून देणारा शिक्षक त्या छळाची बाजू घेतो, त्याच्या मनात तसं असो वा नसो.

भांडणात दोघांना समोरासमोर बसवून बोलतं करणं उपयोगी पडतं. छळात तेच घातक ठरू शकतं, कारण छळलेल्या मुलाला पुन्हा त्याच ताकदीसमोर उभं केलं जातं. अशा वेळी ‘दोघांनी हात मिळवा आणि विषय संपवा’ म्हटल्याने विषय मोठ्यांपुरता संपतो. मूल पुढच्या वेळी सांगायला येत नाही.

ऐकायचं कसं

किशोरवयीन मूल समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारलं की बंद होतं. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसवून नेताना, रात्री दिवा मालवल्यावर ते अधिक बोलतं. मुलगे तर ‘मला वाईट वाटलं’ असं सहसा म्हणतच नाहीत. ‘शाळेत कंटाळा येतो’, ‘मला फुटबॉल सोडायचाय’ अशा वाक्यांआड ते लपलेलं असतं. घाई न करता ‘कधीपासून?’ आणि ‘मग काय झालं?’ एवढेच प्रश्न पुरतात. ‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नये, तो उलटतपासणीसारखा लागतो. समोरच्या मुलाला ‘ती आहेच तशी’ असं शिक्कामोर्तब करूनही सांत्वन करू नये. उद्या दोघींचं गोड झालं तर आपली मुलगी ती गोष्ट आपल्यापासून लपवेल.

या शिक्क्याबद्दल डेव्हिड येगर आणि कॅरल ड्वेक यांचं संशोधन उद्बोधक आहे. माणसाचा स्वभाव कायमचा ठरलेला असतो असं मानणारी किशोरवयीन मुलं दुखावली गेली की सूड घेण्याकडे अधिक झुकतात. माणसं बदलू शकतात हे त्यांना काही तासिकांतून समजावल्यावर त्यांची आक्रमकता कमी झाली. ‘तिने वाईट केलं’ आणि ‘ती वाईट आहे’ या दोन वाक्यांतलं अंतर मुलांना दाखवून देणं म्हणजे उपदेश नव्हे. पुढचा मार्ग खुला ठेवणारी ती शिकवण आहे.

ऐकण्यालाही एक मर्यादा आहे. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये दाखवलं की मैत्रिणी एकच दुखणं पुन्हा पुन्हा उगाळत बसल्या तर त्यांची जवळीक वाढते, पण उदासीही वाढते. पुढच्या अभ्यासात मुलींच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे दिसलं. आई आणि मुलगी रोज रात्री ‘आज तिने कसं पाहिलं’ याचीच उजळणी करू लागल्या तर तेच घडेल. मन मोकळं झालं की बोलणं एका छोट्या कृतीकडे वळायला हवं.

अडचण, पर्याय, कृती

हे वळण कसं घ्यावं याची सोपी पद्धत गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेने विकसित केली आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मानसिक आरोग्यावर काम करते आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक आहेत. या गटाने दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये नववी ते बारावीच्या मुलांसाठी एक छोटा कार्यक्रम राबवला. प्रशिक्षण दिलेले समुपदेशक मुलांना शाळेतच, थोडा थोडा वेळ, मोजक्याच वेळा भेटत. सोबत चित्रकथांच्या पुस्तिका असत. पद्धत तीन पायऱ्यांची होती : अडचण नेमकी सांगायची, पर्याय सुचतील तेवढे काढायचे, एक निवडून करून पाहायचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फक्त पुस्तिका मिळालेल्या मुलांच्या तुलनेत समुपदेशक भेटलेल्या मुलांना त्यांनी स्वतः मांडलेल्या अडचणींचा जाच अधिक कमी झाल्याचं जाणवलं.

व्हरांड्यात उभ्या राहणाऱ्या त्या नववीतल्या मुलीसाठी ही पद्धत कशी चालेल ते पाहू. ‘माझ्याशी कुणीच बोलत नाही’ ही अडचण फार मोठी आणि धूसर आहे. ‘शाळेत सगळ्यांत वाईट कधी वाटतं?’ असं विचारलं की ती सांगेल, ‘मधल्या सुट्टीत. डबा खायला कुणी नसतं.’ ही नेमकी अडचण झाली. आता पर्याय काढायचे आणि कागदावर लिहायचे, अगदी वेडगळ वाटणारेसुद्धा : जुन्या मैत्रिणीला सरळ विचारणं, नव्या वर्गातल्या एखाद्या शांत मुलीशेजारी बसणं, सुट्टीत ग्रंथालयात जाणं, बाईंना सांगणं, शाळा बदलणं. प्रत्येकापुढे ‘याने काय होईल?’ हे तिनेच लिहायचं. मग एक निवडायचा. समजा तिने शांत मुलीशेजारी बसायचं ठरवलं, तर कुठल्या दिवशी आणि पहिलं वाक्य कुठलं हेही ठरवायचं. दोन दिवसांनी काय झालं ते ऐकायचं. जमलं नाही तर पुढचा पर्याय.

यात आईचं काम पर्याय सुचवण्यापेक्षा थांबण्याचं अधिक आहे. तिच्या मनात दोन मिनिटांत जे उत्तर तयार असतं, तिथे पोहोचायला मुलीला आठवडा लागेल. पण स्वतः काढलेल्या उत्तराने हाती येतो तो आत्मविश्वास आयत्या उत्तराने येत नाही. जुनी मैत्रीण परत येईलच असंही नाही. काही मैत्र्या संपतात. त्या संपल्यावरही आपण नवं माणूस जोडू शकतो हे कळणं, हीच त्या मुलीची खरी कमाई.

प्रेमात पडल्यावर

वर्गात कुणाचं नाव कुणाशी जोडलं जाणं, कुणी आवडू लागणं, नकार मिळणं, ‘ब्रेकअप’ होणं हेही याच वयाचं. मुलांनी या गोष्टी घरी सांगाव्यात असं वाटत असेल, तर पहिल्यांदा कळेल तेव्हा फोन काढून घेणं, क्लास बंद करणं, मुलाला मारणं या शिक्षा टाळल्याच पाहिजेत. मुलीच्या बाबतीत तर ‘शाळा बंद’ ही भीती खरी असते, म्हणून त्रास देणाऱ्या मुलाबद्दलही ती तोंड उघडत नाही.

तीन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली, नकार म्हणजे नकार. तो मिळाल्यावर मागे लागणं, हात कापून घेण्याची धमकी देणं हे प्रेम नव्हे, आणि ‘हो’ म्हटल्यावर पुढे कधीही ‘नाही’ म्हणता येतं. हे मुलग्यांना आवर्जून सांगायला हवं. दुसरी, कायदा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिची संमती कायद्याला मान्य नाही. दोघं एकमेकांच्या मर्जीने जवळ आली तरी गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं शिक्षकांसह प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिसरी, खासगी फोटो. कुणीही, कितीही विश्वासाने मागितला तरी पाठवायचा नाही, आणि दुसऱ्याचा आलेला पुढे ढकलायचा नाही, तो गंभीर गुन्हा आहे. एखादा फोटो गेलाच असेल तर मुलाला दोष देत बसू नये. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अठराखालील मुलांची अशी चित्रं मोठ्या समाजमाध्यमांवरून हटवायला मदत करते आणि त्यासाठी फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही.

शाळेने काय करावं

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की वर्गातल्या छळात फक्त दोघे नसतात. कुणी छळणाऱ्याला हातभार लावतो, कुणी हसून चढवतो, कुणी बघून न बघितल्यासारखं करतो आणि कुणी छळलेल्याची बाजू घेतो. यावरून उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम फिनलंडभर पोहोचला. त्याचा भर छळणाऱ्याला शिक्षा करण्यापेक्षा बघ्यांना वळवण्यावर आहे. हसणारे थांबले की छळणाऱ्याचा प्रेक्षक जातो. ‘तू मध्ये पडून भांड’ असं मुलांना सांगायचं नसतं. ‘नंतर त्याच्या शेजारी जाऊन बस’, ‘ग्रुपवर तो मीम पुढे पाठवू नकोस’ एवढं धैर्य बहुतेक मुलांना जमतं.

काही गोष्टींना पैसाही लागत नाही. प्रकल्पासाठी ‘आपापले गट करा’ असं शिक्षकांनी म्हटलं की शेवटी उरणारं मूल साऱ्या वर्गासमोर उरतं. गट शिक्षकांनीच पाडावेत. बाकावरच्या जागा ठरावीक काळाने बदलाव्यात. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात कुणाच्या तरी हाती सोपवावं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मुलांना बोलायला शाळेत एक माणूस हवं. ‘संगत’ने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा अभ्यास केला. काही शाळांत कार्यक्रम नेहमीच्या शिक्षकांनी चालवला, काहींत बाहेरून नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तीने, तर काहींत तो झालाच नाही. परिपाठात विषय मांडणं, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, वैयक्तिक समुपदेशन असं त्याचं स्वरूप होतं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. प्रशिक्षित व्यक्ती होती त्या शाळांतलं वातावरण सुधारलं, छळ आणि उदासीची लक्षणं कमी झाली. तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालवला तिथे असा फरक पडला नाही. यात शिक्षकांचा कमीपणा नाही. जो गुण देतो, हजेरी घेतो, पालकांना बोलावतो, त्याच्यासमोर मन उघडणं मुलांना अवघड जातं, आणि अभ्यासक्रम, परीक्षा, शाळाबाह्य कामं यांतून शिक्षकांना तेवढा वेळही उरत नाही. गुणपत्रिकेशी संबंध नसलेला, निवांत ऐकणारा माणूस ही वेगळी भूमिका आहे. ती वेगळ्या माणसाकडेच असावी.

मदत कधी मागावी

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा शाळेत जाणं बिघडलेलं असेल, मूल सगळ्यांपासूनच तुटत असेल, अंगावर कापल्याच्या खुणा दिसत असतील, ‘मी नसलो तर बरं होईल’ अशी भाषा येत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नये. आत्महत्येचा विचार मनात येतो का असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट मुलाला बोलायला जागा मिळते. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतच झाली. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ चालतात, तिथेही समुपदेशन मिळतं.

शाळेच्या व्यवस्थापन समितीत किंवा शिक्षक-पालक संघात पालक बसलेले असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत निकाल आणि सहलीच्या आधी एक प्रश्न विचारावा : आमच्या मुलाशी कुणीच बोलत नसेल, तर या शाळेत त्याने कुणाकडे जायचं? उत्तरात एका माणसाचं नाव, त्याला भेटायची जागा आणि वेळ आली पाहिजे. तशी ती येईपर्यंत हा प्रश्न दर बैठकीत विचारत राहावा.